पणजीचे चौक, ज्याच्या त्याच्या वेळी

पणजी एवढंसं शहर. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत 40,000 च्या आसपास माणसं होती. पाटोवरच्या कदंब बसस्थानकावरून निघून कुठेही न थांबता चाललात, तर अर्ध्या तासाच्या आत आझाद मैदान येतं. तरी इथले चौक नीट बघायचे तर आख्खा दिवस हाताशी लागतो, कारण प्रत्येक चौकाची वेळ वेगळी आहे. ऊन कुठून येतं, पाव कधी येतो, मिस (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) कधी सुटतं, कचेऱ्या कधी भरतात, यावर ती ठरते. दुपारी बाराला फोंतेन्हास या जुन्या वस्तीत शिरलेल्या माणसाला लावून ठेवलेल्या स्कूटरी आणि मिटलेली दारं दिसतात. मग तो म्हणतो, रंगीत भिंतींपलीकडे इथे आहे काय! त्याची वेळ चुकलेली असते, एवढंच.

आम्ही ही फेरी सकाळी साडेसहाला सुरू करतो, आणि पायीच. गाडी आणलीच तर ती पाटोकडे ठेवावी. जुन्या शहरातले रस्ते अरुंद, बरेचसे एकेरी. नऊनंतर जागेसाठी फेऱ्या मारण्यात जो अर्धा तास जातो, तेवढ्यात दोन चौक पाहून होतात. पायांत पकड असलेली चप्पल हवी. मळा या भागातले आणि चढणीवरचे दगड पावसाळ्यात शेवाळतात, आणि पाऊस सरल्यावरही सावलीतले काही दिवस बुळबुळीतच राहतात. पाण्याची बाटली आणि सुटे पैसे जवळ असले की पुरे. वार शक्यतो कामाचा धरावा. रविवारी दुकानं बंद असतात आणि निम्मा बाजार झोपलेला असतो.

पाटोवरून पादचारी पुलानं ओरें खाडी ओलांडली की समोर फोंतेन्हास. खाडी पूर्वेला, आल्तिनोची टेकडी पश्चिमेला, मधे ही चिंचोळी वस्ती. सकाळचं ऊन खाडीवरून सपाट येतं आणि घरांच्या दर्शनी भिंतींवर पडतं. पिवळा, गेरू, निळा हे रंग त्या तासाभरात जसे उठतात तसे पुढे दिवसभर उठत नाहीत. दुपार कलली की टेकडी आड येते आणि गल्ल्या लवकर सावलीत जातात. म्हणून रंग बघायचे ते सकाळी. पोर्तुगीज काळात पांढरा रंग देवळाराउळांचा, म्हणजे चर्च आणि कापेलांचा (कापेल म्हणजे छोटं चर्च), आणि घरांना दुसरा कुठलाही, असा रिवाज होता. पावसाळा सरला की घरांना रंग द्यायचा ही रीत अजून चालते. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात भिंती ताज्या दिसतात आणि ऑगस्टात शेवाळानं काळवंडलेल्या. पावसात आलेल्यानं वस्तीची देखभाल नाही असा निष्कर्ष काढू नये. चार महिने जोरकस पाऊस झेललेल्या चुन्याचं ते रूप आहे.

दक्षिणेकडे चालत गेलं की संत सेबास्त्यांवचं पांढरं कापेल लागतं. त्याच्यापुढची मोकळी जागा म्हणजे पणजीतला सगळ्यात छोटा आणि आमच्या मते सगळ्यात नेटका चौक. एका बाजूला विहीर, दोन-तीन बाजूंनी घरं, आणि घराच्या पायरीवरून समोरच्या पायरीवर सहज बोलता येईल एवढंच अंतर. चौकाची मापं अशी असली की तिथे आपोआप बोलणं होतं, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. कापेल उघडं असेल तर आत जाऊन क्रूस बघावा. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. 1812 मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि 1918 मध्ये या कापेलात. बहुतेक क्रूसांवर ख्रिस्ताची मान कललेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे, डोळे उघडे. आत मिस किंवा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चालू असेल तर बाहेरच थांबावं.

सातच्या सुमारास पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे बांबूची मोठी पाटी, वर प्लास्टिकचं झाकण, आणि हँडलला रबरी भोंगा. भोंगा दोनदा वाजला की तीन-चार दारं उघडतात. उंडो गोल आणि वरून कडक. पोयी चपटी, पोकळ, कोंडा लावलेली. कातऱ्या पावाला कडेनं चीर. काकोण म्हणजे बांगडीसारखं, कोरडं, चहात बुडवायचं. पोयी घेताना बोटांनी हलकीच दाबून बघावी: फुगलेली राहिली आणि उबदार लागली तर याच भट्टीची, लगेच बसली तर आदल्या घाण्याची. पूर्वी पीठ माडाच्या सुरेनं फुगवत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट. या पावात तूप-तेल जवळपास नसतं, म्हणून तो दुपारपर्यंत वातड होतो. पिशवीत घालून संध्याकाळसाठी ठेवून उपयोग नाही. संध्याकाळचा पोदेर वेगळा येतो, साधारण चार-पाचला. इथली माणसं दिवसातून दोनदा पाव घेतात ती चैन म्हणून घेत नाहीत.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. ही राहती घरं आहेत. अलीकडे लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपडे बदलत गल्लीभर फिरणाऱ्यांमुळे आणि पहाटेपासून दारासमोर बडबडणाऱ्यांमुळे राहणारी माणसं त्रासली आहेत. काही घरांनी पाट्या लावल्या आहेत. भिंतीचा, निळ्या टाइलवरच्या रस्त्याच्या नावाचा फोटो काढा, पण कुणाच्या पायरीवर बसून काढू नका. खिडकीत माणूस असेल तर विचारा. मान हलवून विचारलं तरी चालतं. बहुतेकदा हो म्हणतात, वर घराबद्दल चार गोष्टीही सांगतात. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या लावलेल्या दिसल्या तर थांबून बघा. त्यांतून उजेड दुधासारखा गाळून आत येतो आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही.

कापेलापासून आणखी दक्षिणेला मळा. फोंतेन्हास हे नावच झऱ्यांवरून पडलं आणि इथला फिनिक्स झरा त्याची साक्ष. वर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ. माघात मारुतीची जत्रा असते तेव्हा मळ्याचा रस्ता खाज्यांनी, चण्यांनी, खेळण्यांनी भरून जातो. जत्रेतलं खाजं म्हणजे बेसनाच्या जाड कांड्या, गुळाच्या पाकात आल्यासकट घोळवलेल्या. चांगलं खाजं दाताखाली कडकन मोडतं आणि मग गूळ लागतो. हाताला चिकटत असेल तर पाक कच्चा राहिलाय, नाहीतर सर्द हवा लागलीय. पाव किलो घ्यावं, त्याहून जास्त घेतलं तर आठवड्यात मऊ पडतं.

मळा सखल आहे. पावसाळ्यात ही फेरी करायची तर भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघावं. शहरातलं पावसाचं पाणी गटारांतून खाडीत आणि मांडवीत उतरतं. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नदीची पातळीच गटाराच्या तोंडाबरोबर येते, पाणी बाहेर पडू शकत नाही आणि रस्त्यावर चढतं. मळ्यात आणि 18 जून रस्त्यावर हे दर पावसाळ्यात होतं. पाऊस थांबून तास झाला तरी पाणी हलत नाही म्हणून लोक चिडतात, पण ओहोटी लागेपर्यंत ते हलणार कुठे! अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती असेल तर मळा वगळून सरळ चर्चचौकाकडे जावं, वाट उंचावरची आहे.

मळ्यातून परत 31 जानेवारी रस्त्यानं उत्तरेला आलं की सां तोमे. इथे थोडंच थांबतो. पोस्टाची जुनी इमारत एके काळी तंबाखूची वखार होती, आणि जवळच्या घरात 1834 ते 1841 या काळात टांकसाळ चालत होती. बाकी रहदारीच जास्त. उभं राहायला जागा शोधावी लागते.

तिथून चढणीच्या रस्त्यानं दहा-एक मिनिटांत चर्चचौक. आधी पोट. चर्चचौकाच्या आणि आझाद मैदानाच्या मधल्या गल्ल्यांत भाजी-पावाची जुनी हॉटेलं आहेत. कॅफे भोसले त्यांतलंच. टेबलाशी बसलं की पोऱ्या विचारतो, "पातळ भाजी, सुकी भाजी?" नवख्यानं "मिक्स" म्हणावं: पातळ भाजीत सुक्या वाटाण्याची किंवा चवळीची उसळ, खोबऱ्याच्या वाटपाची, आणि वर सुक्या बटाट्याच्या भाजीचा गोळा. एका बशीला दोन पाव पुरतात. रस उरला तर तिसरा. सोबत मिरचीचं भजं. दहानंतर पातळ भाजी संपायला लागते आणि उरलेल्या रसात पाणी वाढतं, म्हणून न्याहारी नऊच्या आत उरकावी. टेबल रिकामं होण्याची वाट बघणारी माणसं मागे उभी असतात. खाऊन झाल्यावर गप्पा बाहेर.

आता चर्चचौक. मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शनचं चर्च टेकडीच्या पोटाशी आहे आणि त्याचं तोंड पश्चिमेला. पुढे नागमोडी पांढऱ्या पायऱ्या, आणि पायथ्याशी रस्त्यापलीकडे महापालिकेचं उद्यान. हे तोंड कुठे आहे ते लक्षात ठेवलं की बाकी सगळं जमतं. सकाळी सूर्य चर्चच्या पाठीमागे असतो: फोटो काळपट येतो, पण पायऱ्या गार असतात. दहापर्यंत खालच्या पायऱ्यांपाशी सावलीत उभं राहून चौक बघत राहावं. बाजारकर पिशव्या घेऊन जातात, शाळेची मुलं धावतात, मोटरसायकल-टॅक्सीवाले पिवळे-काळे पायलट गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात. फोटो काढायचा तो दुपारी चारनंतर. तेव्हा ऊन समोरून येतं आणि चर्च पांढरंशुभ्र उजळतं. सकाळी फोटो काढून निघून जाणारे लोक नंतर म्हणतात, चर्च राखाडी दिसतं.

1541 मध्ये इथे लहान कापेल होतं, 1619 मध्ये मोठं चर्च झालं. नदीतून येणाऱ्या गलबतांवरचे खलाशी इथे उतरून आभार मानत आणि मग वर जुन्या गोव्याला जात. मधली घंटा मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ उजाड झाल्यावर ती आग्वादच्या दीपगृहात होती, आणि 1871 मध्ये इथे टांगली. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची. पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून ती ऐकलीत तर दोन ठोक्यांमधला आवाज समोरच्या इमारतींवरून परत येतो तोही ऐकू येतो, रहदारी थांबलेली असली तर.

उद्यानाला 16 व्या शतकातल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचं नाव होतं. गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर त्यानं लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. उद्यानातल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बाकांवर सकाळी निवृत्त माणसं वर्तमानपत्र घेऊन बसतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि पानं आपसांत बदलतात. दुपारी कचेरीतली माणसं डबा खातात. 8 डिसेंबरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असलं की याच चौकाभोवती जत्रेचा बाजार भरतो आणि चर्चवर दिवे लागतात. कार्निव्हालच्या दिवसांत उद्यानाला सांबा स्क्वेअर म्हणतात आणि रात्री गाणी-नाच चालतो. त्या दोन्ही वेळी चारच्या आत पोचावं, नंतर चौकात शिरणंच कठीण.

साडेअकराच्या सुमारास आझाद मैदान. उन्हाचा तडाखा सुरू होतो तेव्हा इथला खांबांचा मंडप उपयोगी पडतो. तो 1847 चा, खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या मठाचे. त्याखाली आधी अफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता, आता गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांचं स्मारक आहे. पणजीत मागणं मांडायचं तर ते इथे: धरणं, साखळी उपोषण, सभा. गर्दी नसलेल्या दिवशीही मैदानाच्या कडेला सतरंजी अंथरून बसलेली चार माणसं आणि एक फलक दिसण्याचा संभव असतो. फलक वाचावा, विचारलं तर ती माणसं सगळं समजावून सांगतात. त्या आठवड्यात गोव्यात काय चाललंय हे कळायला याहून चांगली जागा नाही. मोर्चा असेल तर आजूबाजूचे रस्ते बंद करतात. पायी माणसाला त्याचा त्रास नाही.

शेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइलांची भिंत आहे, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातली दृश्यं रंगवलेली. बघायला वीस मिनिटं पुरतात. तीही कामाच्या दिवशीच.

एक ते साडेतीन ही वेळ चौकांची नाही. दुकानांची शटरं खाली येतात, चौकात कुत्रीसुद्धा सावलीला पडून असतात. जेवून घ्यावं: शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला मासळीचा तुकडा, सोलकढी. थाळी एक-दीडच्या आत मागितली तर मासळी ताजी तळलेली मिळते, अडीचनंतर जे उरलं ते. मग पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसावं. 1832 मध्ये सुरू झालेलं ग्रंथालय, मराठी पुस्तकांचा चांगला साठा आणि वाचायला निवांत जागा. पावसाचे दिवस असतील तर हाच उत्तम उपाय. उगाच गल्ल्यांतून पाय तोडत हिंडून संध्याकाळचं बळ घालवू नये.

साडेचारला नदीकाठी, जुन्या सचिवालयाजवळ. आदिलशहाच्या या वाड्याच्या बाजूला आबे फारियाचा 1945 चा पुतळा आहे, मडकईच्या रामचंद्र कामतांनी घडवलेला. हात पसरून झुकलेला पुरुष आणि त्याच्या प्रभावाखाली कोसळणारी बाई. अनोळखी माणसाला तो भीतीदायक वाटतो, म्हणून कथा सांगावी लागते. फारिया 1756 मध्ये कांदोळीत जन्मला आणि संमोहनशास्त्राच्या आरंभीच्या माणसांपैकी एक ठरला. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन करायला उभा राहिला तेव्हा त्याची वाचा बसली, आणि बापानं खालून कोकणीत पुटपुटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" ही दंतकथा गोव्यातल्या घराघरांत माहीत आहे. पुतळ्याभोवती रस्ता सतत वाहतो. हात नीट बघायचे तर नदीच्या बाजूच्या पदपथावरून बघावे, बोटांतला ताण तिथून दिसतो.

साडेपाचला परत चर्चचौक, आणि आता मात्र बाकावर जागा धरून बसावं. उजेड पिवळा होतो, संध्याकाळचं मिस सुटतं, माणसं पायऱ्यांवरून दोन्ही अंगांनी उतरतात आणि खाली येऊन पुन्हा थांबतात. म्हाताऱ्या बायका हात धरून रस्ता ओलांडतात. दुकानं उघडलेली, गाड्यांवर चणे, ऑम्लेट-रस (ऑम्लेटवर ओतलेला रस्सा). रस-ऑम्लेट मागताना पाव आधी सांगावा, रस ओतल्यावर वाट बघत बसलं तर ऑम्लेट भिजून लगदा होतं.

वर्षात एक रात्र मात्र हे सगळं वेळापत्रक उलटं होतं. नरक चतुर्दशीची आदली रात्र. पणजीच्या वाड्यावाड्यांत, मळा, भाटले, सांतिनेज, जिथे रस्ता थोडा रुंदावतो तिथे नरकासुर उभा राहतो. चौकाचं खरं काम त्या रात्री दिसतं. मुलं दसऱ्यापासूनच लागलेली असतात: लोखंडी किंवा बांबूचा सांगाडा, त्यावर सुकं गवत बांधून अंग भरायचं, वर कागद खळीनं डकवायचा, रंग. मुखवटा बाजारात तयार मिळतो, पण ज्यांना बक्षीस हवं असतं ती मुलं तो स्वतःच घडवतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. कागद ओला असताना रंग दिला तर वाळताना सुरकुत्या पडतात आणि गालांची कातडी सुटते. ऑक्टोबरातली अवेळी सर आली तर हे हमखास. आणि उंची वाढवण्याच्या चढाओढीत वरच्या विजेच्या तारांचा हिशेब राहून जातो, मग ऐनवेळी शिंगं कापावी लागतात. बघायला दहानंतर निघावं. मिरवणुका, कृष्ण झालेला लहान मुलगा, कान बसवणारे ढोल. जाळतात पहाटे, चार-पाचच्या सुमारास. घरी परतून अभ्यंग, दारात अंगठ्यानं कारीट फोडायचं, मग फोव, म्हणजे पोहे: दुधातले, रसातले, बटाट्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुचाकीवर असाल तर जपून. जळून उरलेल्या सांगाड्यांच्या तारा आणि खिळे रस्त्यात पडलेले असतात आणि टायर पंक्चर होतात. पूर्वी बांबू होता तेव्हा राखेखेरीज काही उरत नसे. ज्या वाड्यातली मुलं दहापर्यंत स्वतः झाडू घेऊन चौक साफ करतात, त्यांचा नरकासुर आम्ही पुढच्या वर्षी आधी बघायला जातो.

संध्याकाळची फेरी संपवायची ती नदीपलीकडच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीवर. चर्चचौकातून धक्का पाच-दहा मिनिटांवर, आणि पायी माणसाला तिकीट लागत नाही. बोट लागली की आधी गाड्या उतरू द्याव्यात, मग कडेनं चढावं आणि पाठीमागच्या कठड्याशी उभं राहावं. बोट सुटली की पणजीचे दिवे समोर एका रांगेत येतात. परतायचं असेल तर बेतीला उतरून लगेच त्याच बोटीत बसता येतं.